मॉनिटरवर राहणारी सावली: साचलेला भार की झिजलेला पिक्सेल?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे दोन वर्षे वापरलेला २७ इंची आयपीएस मॉनिटर आहे आणि दिवसभर त्यावर टॅली व एक्सेल उघडे असते. संध्याकाळी सगळे बंद करून करड्या रंगाची पार्श्वभूमी समोर आली, की एक्सेलच्या चौकटी आणि टॅलीच्या उजव्या कडेची बटणे फिकट सावलीसारखी दिसत राहतात, आणि अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप नाहीशी होतात. हे बर्न-इन, म्हणजे पडद्यावर कायमचा उमटलेला ठसा, आहे का, रात्रभर पांढरा स्क्रीन लावून ठेवण्याचा जो सल्ला आपल्याला कोणी दिला तो पाळावा का, आणि मॉनिटर बदलायचाच असेल तर ओलेड, म्हणजे ज्याचे पिक्सेल स्वतःच उजेड देतात असा मॉनिटर, घ्यावा का, असे आपण विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, म्हणजे आपली काळजी कमी होईल. पाऊण तासात निघून जाणारी सावली बर्न-इन नव्हे. तिला छाप राहणे म्हणा. ती तात्पुरती असते आणि मॉनिटर लगेच टाकून देण्याचे ते कारण नाही. उरलेल्या दोन प्रश्नांना मात्र एका वाक्यात उत्तर देता येत नाही. मी पुण्यात बरीच वर्षे मॉनिटर आणि टीव्ही दुरुस्तीचे काम करतो, आणि ‘स्क्रीनवर डाग राहिला’ असे म्हणून माझ्याकडे येणाऱ्या लोकांपैकी अनेकांनी येण्याआधीच काहीतरी उपाय करून पाहिलेला असतो. त्या उपायाने कधी काहीच होत नाही, तर कधी चक्क नुकसान होते. असे होते याचे कारण, दोन अगदी वेगळ्या घटनांना आपण बोलताना एकच नाव देतो, आणि एकीचा उपाय दुसरीवर वापरतो. पहिल्या घटनेत पिक्सेलमध्ये विद्युतभार साचतो. तो उतरवता येतो. दुसऱ्या घटनेत पिक्सेल झिजतो. झिजलेला पिक्सेल पुन्हा नवा होत नाही. तेव्हा आपल्यापुढचा खरा प्रश्न ‘डाग कसा घालवू’ हा नसून ‘हा साचलेला भार आहे की झीज’ हा आहे. जाता जाता एक खुलासा करतो: वेगाने हलणाऱ्या चित्रामागे जी शेपटी दिसते, तिला घोस्टिंग म्हणतात. तो पिक्सेलच्या संथपणाचा दोष आहे आणि त्याचा या दोन्हींशी संबंध नाही. दुकानात तक्रार सांगताना हा शब्द चुकला तर समोरचा माणूस भलतीच सेटिंग बदलून देतो.

आता आपल्या मॉनिटरच्या आत काय घडते ते पाहू. आयपीएस हा एलसीडीचाच प्रकार आहे. त्यात उजेड मागच्या एलईडींमधून, म्हणजे बॅकलाइटमधून, येतो आणि पिक्सेल फक्त तो उजेड कमी-जास्त सोडणाऱ्या झडपेचे काम करतात. या झडपेत द्रवस्फटिकांचा जेमतेम तीन-चार मायक्रॉन जाडीचा थर असतो. या थराला सतत एकाच दिशेने विद्युतदाब दिला, तर द्रवस्फटिकांत अत्यल्प प्रमाणात का होईना पण असणाऱ्या अशुद्धी, म्हणजे विद्युतभारित आयन, एका बाजूला ओढले जाऊन तिथे साचतात. म्हणूनच प्रत्येक एलसीडीमध्ये दर चौकटीला (फ्रेमला), म्हणजे पडद्यावरचे चित्र ताजे होईल त्या प्रत्येक वेळी, दाबाची दिशा उलटवतात. ६० हर्ट्‌झच्या स्क्रीनवर प्रत्येक पिक्सेल सेकंदाला ६० वेळा ताजा होतो आणि त्यांपैकी ३० वेळा त्याला धन, तर ३० वेळा ऋण दाब मिळतो. द्रवस्फटिक किती वळणार हे दाबाच्या मापावर ठरते, दिशेवर नव्हे, त्यामुळे आपल्या डोळ्यांना या उलटापालटीचा पत्ता लागत नाही.

धन आणि ऋण दाब तंतोतंत सारखे असते तर काहीच साचले नसते. प्रत्यक्षात मधला संदर्भदाब, म्हणजे ज्याच्या तुलनेत धन आणि ऋण ठरते तो दाब, पॅनेलच्या प्रत्येक कोपऱ्यात अगदी अचूक बसत नाही आणि एका दिशेचा दाब किंचित जास्त भरतो. चित्र सारखे बदलत असेल तर हा फरक विखुरला जातो. परंतु आपण सकाळी दहा ते संध्याकाळी सात एकच तक्ता एकाच जागी उघडा ठेवलात, तर प्रत्येक पिक्सेलमध्ये तोच फरक त्याच बाजूने नऊ तास साठत राहतो. ओढले गेलेले आयन द्रवस्फटिकांना रांगेत धरून ठेवणाऱ्या पॉलिइमाइडच्या अस्तरावर जाऊन बसतात आणि तिथे स्वतःचा एक छोटासा दाब तयार करतात. संध्याकाळी आपण तक्ता बंद केला तरी हा दाब लगेच जात नाही. संगणक सगळ्या पिक्सेलना एकच करडी छटा दाखवायला सांगतो, पण जिथे भार साचला आहे तिथे प्रत्यक्ष दाब थोडा वेगळा पडतो, आणि तेवढ्यानेच चौकटीची रेघ उमटते.

ही सावली करड्या रंगावरच का दिसते, हेही यातून उलगडते. विद्युतदाब आणि उजेड यांचा आलेख काढला तर तो काळ्या आणि पांढऱ्या टोकांना जवळजवळ सपाट असतो आणि मधल्या छटांमध्ये चांगलाच चढणीचा असतो. टोकांना दाबात थोडा फरक पडला तरी उजेड बदलत नाही. मध्यावर तेवढ्याच फरकाने उजेड डोळ्यांना जाणवेल इतका बदलतो. माझ्याकडे मॉनिटर घेऊन येणारे लोक मला पांढरा स्क्रीन लावून दाखवतात आणि ‘आत्ता तर दिसतच नाही’ म्हणून ओशाळतात. ओशाळण्यासारखे त्यात काही नाही. पांढऱ्यावर ती दिसणे कठीणच असते.

म्हणून तपासणी करड्यावर करावी. पेंटमध्ये लाल, हिरवा आणि निळा या तिन्हींची किंमत १२८ ठेवून एक चित्र भरावे आणि ते पूर्ण स्क्रीनवर उघडावे. खोलीतला दिवा मंद ठेवावा. सावली दिसली की सर्वांत आधी एक गोष्ट करावी: त्या क्षणी स्क्रीनशॉट काढून तो मोबाइलवर किंवा दुसऱ्या संगणकावर पाहावा. स्क्रीनशॉटमध्येही सावली असेल, तर मॉनिटर निर्दोष आहे आणि दोष सॉफ्टवेअरमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डात आहे. नंतर डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन चित्र ९० किंवा १८० अंशांत फिरवावे. सावली जागची हलली नाही, तर ती पॅनेलचीच. तिसरे, सावलीच्या आकाराकडे नीट पाहावे. तिच्यात सरळ रेघा, अक्षरे, बटणे असतील तर ती चित्राची छाप आहे. ढगासारखे पुंजके, कोपऱ्यातला पिवळसरपणा किंवा बोटभर पांढुरका ठिपका असेल, तर तो बॅकलाइटचा, आतल्या पत्र्यांचा किंवा कधीतरी बसलेल्या दाबाचा डाग आहे, आणि त्यावर या उत्तरातील कोणताही उपाय चालणार नाही.

यानंतरची चाचणी मी माझ्या प्रत्येक ग्राहकाला करायला सांगतो, कारण तिच्यामुळे अंदाज बांधण्याऐवजी हातात आकडा येतो. बुद्धिबळाच्या पटासारखे काळ्या-पांढऱ्या चौकोनांचे चित्र पूर्ण स्क्रीनवर बरोबर एक तास ठेवावे आणि मग १२८चा करडा लावून घड्याळ लावावे. चौकोन दिसेनासे व्हायला किती मिनिटे लागली ते तारखेसह वहीत लिहून ठेवावे. महिन्याने, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी, हीच चाचणी पुन्हा करावी. मिनिटे तेवढीच राहिली तर त्या पॅनेलचा तो स्वभाव आहे असे समजावे आणि निर्धास्त राहावे. दर महिन्याला ती वाढत असतील, तर पॅनेलची प्रकृती खरोखर ढासळते आहे. ही चाचणी फक्त एलसीडीसाठी आहे. ओलेडवर ती कृपया करू नये, कारण तिथे ही चाचणी म्हणजे स्वतःच्या हाताने घातलेली झीज ठरते.

एक प्रसंग सांगतो, कारण तो आपल्या परिस्थितीच्या अगदी जवळचा आहे. सदाशिव पेठेतील एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात एकाच वेळी घेतलेले, एकाच मॉडेलचे दहा मॉनिटर होते. जुलै महिना होता. विवरणपत्रांची ३१ तारीख जवळ आल्यामुळे सगळी मंडळी सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत बसत होती. दहांपैकी तीन मॉनिटरांवर टॅलीची उजवी पट्टी उमटली होती, आणि तीही अशी, की करड्या पडद्यावर एफ२ आणि एफ३ ही अक्षरे मला हाताच्या अंतरावरून वाचता आली. उरलेले सात स्वच्छ होते. मालकांना ते तीन ‘खराब निघालेले नग’ वाटत होते. मी दुपारी चार वाजता तिथे गेलो, तेव्हा लक्षात आले की त्या तीनपैकी दोन पश्चिमेच्या खिडकीला पाठ करून ठेवले होते, आणि ढगांतून ऊन उघडले की ते थेट त्यांच्या मागच्या झाकणावर पडत होते. तिसरा एका लाकडी कपाटाच्या खणात बसवला होता, आणि त्याच्या मागे हात घातला तर चटका बसावा इतकी गरम हवा कोंडलेली होती.

उष्णतेने द्रवस्फटिक पातळ होतात आणि त्यांतले आयन अधिक सहज सरकतात. त्यामुळे जो फरक थंड पॅनेलमध्ये दिवसभरात साचला नसता, तो तापलेल्या पॅनेलमध्ये काही तासांतच साचतो. आम्ही दोन मॉनिटरांची जागा बदलली, खिडकीला जाड पडदा लावला, तिसरा खणातून बाहेर काढून टेबलावर ठेवला, आणि सर्व संगणकांवर पाच मिनिटे हात लागला नाही तर पडदा बंद होईल अशी सेटिंग केली. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा खिडकीजवळचे दोन्ही स्वच्छ झाले होते. खणातल्या मॉनिटरची सावली बरीच फिकट झाली होती, पण ‘एफ२’चा ‘एफ’ शोधला तर अजून सापडत होता. एकाच मॉडेलच्या दोन नगांतही संदर्भदाबाच्या जुळणीत आणि द्रवस्फटिकांच्या शुद्धतेत फरक असतो, त्यामुळे जागा हे एकमेव कारण आहे असे मी म्हणणार नाही. तरीही आपण मॉनिटर कुठे ठेवला आहे, त्याच्या मागे किती मोकळी जागा आहे आणि खोलीत दुपारी किती उकाडा असतो, हे मला आपल्या प्रश्नात कळले असते तर मी अधिक नेमके बोलू शकलो असतो.

इथे एक गैरसमज दूर करणे मला महत्त्वाचे वाटते. एलसीडी मॉनिटरचा ब्राइटनेस कमी केला की छाप राहणार नाही, असे पुष्कळ लोक मानतात. ब्राइटनेसच्या बटणाने फक्त मागच्या एलईडींचा उजेड कमी होतो. द्रवस्फटिकांना मिळणारा दाब जसाच्या तसा राहतो. उजेड कमी केल्याने उष्णता थोडी घटते, तेवढाच काय तो अप्रत्यक्ष फायदा. डोळ्यांसाठी ब्राइटनेस जरूर कमी करावा, पण छाप टाळायची असेल तर चित्र बदलत राहायला हवे, किंवा पडदा बंद व्हायला हवा. ओलेडमध्ये हे सगळे उलटे आहे, त्याकडे पुढे येतो.

आता रात्रभर पांढरा स्क्रीन लावण्याविषयी. हा सल्ला अगदीच निराधार नाही. पांढऱ्या पडद्यावर सर्व पिक्सेलना एकसारखा दाब मिळतो आणि आधीच्या चित्रातील फरक हळूहळू पुसला जातो. काही मॉनिटरांच्या मेनूमध्ये एलसीडी कंडिशनिंग नावाची सोय असते, ती याच विचाराने दिलेली असते. तथापि आपली सावली पाऊण तासात आपोआप जाते. तिच्यासाठी आठ तास बॅकलाइट जाळणे आणि त्या उष्णतेत पॅनेल शेकत ठेवणे हा सौदा तोट्याचा आहे. मॉनिटर रात्री बंद राहिला की विद्युतदाबही नसतो आणि साचलेले आयन आपोआप विखुरतात. एवढे आपल्याला पुरेसे आहे. सावली दुसऱ्या दिवशी सकाळीही दिसत असेल, तर मी असे करतो: पूर्ण स्क्रीनवर भरपूर हालचाल असलेला एखादा व्हिडिओ, उदाहरणार्थ क्रिकेटचा सामना, दोन-तीन तास चालवतो, मग मॉनिटर रात्रभर बंद ठेवतो, आणि हे तीन-चार दिवस करतो. व्हिडिओ निवडताना कोपऱ्यात वाहिनीचे बोधचिन्ह किंवा खाली धावफलक नसलेला निवडावा, नाहीतर एक छाप घालवताना दुसरी उमटायची. एवढे करूनही काहीच फरक पडला नाही, तर ती सावली कायमची धरावी. चोवीस तास एकच चित्र दाखवणाऱ्या सीसीटीव्हीच्या किंवा सूचनाफलकाच्या पडद्यांवर वर्षांनुवर्षांच्या वापरानंतर अशा न जाणाऱ्या छापा मी पाहिल्या आहेत. म्हणून ‘एलसीडीला बर्न-इन कधीच होत नाही’ हे विधान मला मान्य नाही; आठ-दहा तासांच्या कार्यालयीन वापरात ते क्वचित होते, एवढेच मी म्हणेन.

आणखी एक कारण असते आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. हलणारे चित्र अधिक स्पष्ट दिसावे म्हणून काही खेळांत आणि प्लेअरमध्ये सॉफ्टवेअरच्या साहाय्याने दर दुसरी चौकट काळी करण्याची सोय असते. मॉनिटर १२० हर्ट्‌झवर असेल तर काय होते पाहा: धन दाबाच्या प्रत्येक पाळीत चित्र येते आणि ऋण दाबाच्या प्रत्येक पाळीत काळी चौकट. दिशा उलटवण्याची सगळी व्यवस्था यामुळे निकामी होते आणि जो भार दिवसभरात साचला असता तो मिनिटांत साचू शकतो. इंटरलेस्ड पद्धतीचा, म्हणजे सम आणि विषम रेघा आळीपाळीने पाठवणारा, व्हिडिओ नीट न जुळवता दाखवला, तर सम आणि विषम रेघांच्या बाबतीत असेच घडते. आपल्या वापरात हे नसावे, पण घरातील कोणी याच मॉनिटरवर रात्री खेळ खेळत असेल तर विचारून घ्यावे.

आता ओलेड. इथे मागे बॅकलाइट नसतो. प्रत्येक सबपिक्सेल, म्हणजे पिक्सेलमधला एकेका रंगाचा भाग, स्वतःच उजेड देतो. १९८७ साली कोडॅक कंपनीतील चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी कमी दाबावर चांगला उजेड देणाऱ्या सेंद्रिय थरांचा शोध प्रसिद्ध केला, तेव्हापासून या तंत्रापुढे एक अडचण कायम आहे: उजेड देता देता तो सेंद्रिय पदार्थ क्षीण होत जातो, आणि निळा उजेड देणारा सर्वांत लवकर. सर्व पिक्सेल सारखे क्षीण झाले असते तर मॉनिटर वर्षागणिक थोडा मंद झाला असता आणि कोणाला कळलेही नसते. त्रास होतो तो असमान झिजण्याचा. देवळाची दगडी पायरी आठवून पाहा. सगळे लोक मधूनच चढतात, म्हणून ती मध्ये खोलगट होते आणि कडेला तशीच राहते. ओलेडवर टास्कबारचे पांढरे चिन्ह रोज दहा तास एकाच जागी पेटले की त्या जागेचे पिक्सेल शेजाऱ्यांपेक्षा मंद होतात, आणि पुढे एकरंगी पडद्यावर तिथे त्या चिन्हाच्या आकाराचा गडद ठसा दिसतो. बर्न-इन या शब्दाने जळाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ती झीज असते.

खोलगट पायरी सपाट करायची तर उरलेली पायरी तासावी लागेल. ओलेडचा ठसा घालवण्यासाठी पांढरा स्क्रीन किंवा झपाट्याने रंग बदलणारे ‘बर्न-इन घालवणारे’ व्हिडिओ रात्रभर चालवणे म्हणजे नेमके हेच आहे. ठसा कधीकधी फिकट होतो, कारण आजूबाजूचे पिक्सेलही झिजून त्याच्या पातळीला येतात, पण मॉनिटरचे आयुष्य त्यात खर्ची पडते. एलसीडीवर फार तर अनावश्यक ठरणारा हा सल्ला ओलेडवर थेट घातक आहे. म्हणून आपला मॉनिटर कोणत्या जातीचा आहे हे न विचारता कोणी असा उपाय सुचवला, तर तो ऐकू नये.

ओलेडमध्ये झिजेची भरपाई करण्याची व्यवस्था मॉनिटरातच असते. पिक्सेलच्या वर्तनात किती बदल झाला हे मोजून तो मंद पिक्सेलना थोडा अधिक प्रवाह देतो. बऱ्याच मॉनिटरांत साधारण चार तासांच्या वापरानंतर पडदा बंद केला, की काही मिनिटांची छोटी फेरी आपोआप चालते, आणि फार तासांनंतर एक मोठी फेरी सुचवली जाते. नेमके तास मॉडेलप्रमाणे बदलतात, ते माहितीपुस्तिकेत पाहावेत. आपल्याकडे मात्र एक जुनी सवय आहे, आणि एरवी ती चांगलीच आहे: कार्यालय बंद करताना भिंतीवरचे मुख्य बटण बंद करणे. ओलेड मॉनिटरला रात्री वीजच मिळाली नाही, तर ही फेरी होतच नाही. एका वास्तुरचनाकार बाईंचा ओलेड माझ्याकडे आला होता. त्या अत्यंत जपून वापरत, ब्राइटनेस कमी ठेवत, आणि रोज संध्याकाळी न चुकता बोर्डावरचे बटण बंद करून घरी जात. मेनूत पाहिले तर भरपाईची फेरी अनेक महिन्यांत एकदाही पूर्ण झाली नव्हती. मॉनिटर रात्रभर नुसता जोडून ठेवला, फेरी होऊ दिली, आणि बराचसा ठसा गेला. जो गेला ती खरी झीज नव्हती, तर पिक्सेल चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरांचे तात्पुरते सरकणे होते. जी फिकट रेघ उरली ती झीज होती आणि ती आजही आहे. म्हणून ओलेडवर काही दिसले तर आधी मॉनिटर बटणाने बंद करून, वीज चालू ठेवून, एक रात्र जाऊ द्यावी आणि मगच निष्कर्ष काढावा. मोठी फेरी पुन्हा पुन्हा हाताने चालवू नये. गरजेपेक्षा अधिक वेळा केल्याने फायदा वाढत नाही.

तर इथवरचा सारांश आपल्या बाबतीत असा: आपला मॉनिटर एलसीडी आहे, सावली आपोआप जाते, म्हणजे भार साचतो आहे आणि झीज नाही, उष्णता कमी करणे आणि चित्र स्थिर राहू न देणे हे दोन उपाय आपल्याला लागू पडतात, पांढऱ्या स्क्रीनची गरज नाही.

रोजच्या व्यवहारात हे कसे साधायचे, तर विंडोजमध्ये टास्कबार आपोआप लपण्याची सोय चालू करावी, पडदा पाच मिनिटांत बंद होईल असे ठेवावे, आणि जेवायला उठताना विंडोज व एल ही दोन बटणे एकत्र दाबून संगणक कुलूपबंद करण्याची सवय लावावी. थोड्या वेळात पडदा स्वतःच काळा होतो. एक्सेलची खिडकी कधी डाव्या अर्ध्यात, कधी उजव्या अर्ध्यात ठेवली तरी रेघांची जागा बदलते. स्क्रीनसेव्हरची आज फारशी गरज नाही. तो जन्मला काचेच्या नळीच्या मॉनिटरसाठी, ज्यात इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने फॉस्फरचा लेप कायमचा काळवंडत असे. १९८३ साली जॉन सोचा यांनी आयबीएम पीसीसाठी लिहिलेला पहिला प्रसिद्ध कार्यक्रमही नुसता पडदा काळा करत असे. आज मॉनिटर स्वतःच झोपी जातो, आणि झोपलेला मॉनिटर कोणत्याही हलत्या चित्रापेक्षा सुरक्षित असतो.

राहिला आपला तिसरा प्रश्न. दिवसातून आठ-दहा तास टॅली आणि एक्सेल, म्हणजे स्थिर रेघा, स्थिर बटणे आणि बराचसा पांढरा पडदा, अशा कामासाठी मी ओलेड सुचवणार नाही. चित्रपट, खेळ, छायाचित्रे यांसाठी तो सुंदरच आहे, आणि ज्याचे काम मिश्र आहे त्याने तो बेलाशक घ्यावा. परंतु आपण ज्या सावलीला कंटाळला आहात ती तासाभरात जाते, आणि तिच्या बदल्यात आपण न जाणारी सावली विकत घ्याल. शिवाय आपण मराठीत पत्रव्यवहार करत असाल तर आणखी एक बाब आहे. बाजारात आलेल्या क्यूडी-ओलेड या ओलेडच्याच एका प्रकाराच्या आरंभीच्या पॅनेलांत हिरवा सबपिक्सेल वर आणि लाल-निळे खाली, अशी त्रिकोणी रचना आहे. त्यामुळे आडव्या कडांना वर हिरवट आणि खाली जांभळट किनार येते. आपली शिरोरेखा म्हणजे आडवी कडच, आणि ती प्रत्येक शब्दावर असते. २७ इंची क्यूएचडी (२५६० × १४४० पिक्सेल) मॉनिटरवर, जिथे इंचाला साधारण १०९ पिक्सेल असतात, ही किनार काही लोकांना अजिबात जाणवत नाही, तर काहींना दुपारपर्यंत त्रास देते. घेण्यापूर्वी दुकानात एखादा मराठी मजकूर उघडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

हे सर्व वाचूनही ओलेड घ्यायचे ठरवलेत, तर तिथे ब्राइटनेस हाच खरा लगाम आहे हे ध्यानात ठेवावे. उजेड निम्मा केला तर पिक्सेलचे आयुष्य साधारणपणे दुपटीहून अधिक वाढते, कारण झीज उजेडाच्या प्रमाणापेक्षा वेगाने वाढते. गडद थीम, काळी पार्श्वभूमी, लपणारा टास्कबार आणि मॉनिटरमधील पिक्सेल सरकवण्याची सोय, हे सगळे चालू ठेवावे. काही कंपन्या ओलेड मॉनिटरच्या हमीत बर्न-इनचा समावेश करतात आणि काही तो स्पष्टपणे वगळतात. परदेशातल्या जाहिरातीवर न जाता भारतात मिळणाऱ्या हमीपत्रातले वाक्य बिल करण्यापूर्वी वाचावे.

आपल्या सध्याच्या मॉनिटरची हमी शिल्लक असेल, तर पुरावा आजच तयार करून ठेवावा, कारण तंत्रज्ञ सकाळी येतो आणि सावली संध्याकाळी दिसते. मोबाइल स्टँडवर ठेवून त्याचा एक्सपोजर लॉक करावा, नाहीतर कॅमेरा स्वतःच उजेड सावरून घेतो आणि फिकट फरक पुसला जातो. मग न थांबवता एकच व्हिडिओ घ्यावा: आधी टॅलीचा पडदा, मग करडा, आणि चौकटीत कुठेतरी घड्याळ दिसू द्यावे. हमी संपली असेल आणि सावली पुढे कायमची झालीच, तर पॅनेल बदलण्याच्या भानगडीत पडू नये. सुटे पॅनेल आणि मजुरी मिळून खर्च बहुधा नव्या मॉनिटरच्या जवळ जातो, हे मी स्वतः दुरुस्ती करणारा असूनही सांगतो.

आज संध्याकाळी एक तासाची चौकोनांची चाचणी करून मिनिटे लिहून ठेवा, मॉनिटरच्या मागे चारही बाजूंनी हात फिरेल इतकी जागा करा, आणि महिन्याने तीच चाचणी पुन्हा करा. दोन्ही वेळचे आकडे आणि त्या वेळी पंखा किंवा एसी चालू होता की नाही एवढे कळवलेत, तर हा मॉनिटर ठेवावा की बदलावा हे मी आपल्याला खात्रीने सांगू शकेन.